पावसाळ्यानंतर तेच तडे पुन्हा? काँक्रीट आतून फुगतंय का, ते असं तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. कुंपणाचे प्रीकास्ट (यार्डात आधीच ओतून आणलेले) खांब, गटारावरची जाड झाकणं, नाहीतर एखाद्या मशीनचं फाउंडेशन. पहिली दोन-तीन वर्षं सगळं ठाकठीक. मग एखाद्या पावसाळ्यानंतर, चवथीच्या साफसफाईत, पृष्ठभागावर केसासारख्या रेघांचं जाळं नजरेला येतं. मेस्त्री येतो, भेगा खोदून पॉलिमर मॉर्टर भरतो, वरून रंग मारतो. पुढच्या वर्षी भरलेल्या भेगेला लागूनच नवी भेग. मालक म्हणतो सिमेंट खाल्लं, कंत्राटदार क्यूबचे, म्हणजे त्याच मालातून चाचणीसाठी ओतलेल्या छोट्या ठोकळ्यांचे, रिपोर्ट पुढे टाकतो. क्यूब पास झालेले असतात, आणि खरोखरच झालेले असतात.

हे भांडण सुटत नाही, कारण क्यूबला हा रोग दिसतच नाही. क्यूब २७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात पडून असतो. त्याच मालाचा जाड ठोकळा किंवा लवकर पक्का व्हावा म्हणून वाफेत ठेवलेला खांब पहिल्याच दिवशी आतून ७५-८० अंशांना जाऊन आलेला असू शकतो. तेवढी उष्णता पुढच्या फुगण्याचं बी पेरून जाते. नंतर वर्षानुवर्षं लागणारं पाणी आपल्या गोव्याचा पाऊस पुरवतो, तोही सालाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास.

पण आधी गंज बाद करा

गोव्यात काँक्रीट फुटलं की पहिला संशय गंजावर घ्यायचा. खारी हवा, खाडीचं पाणी आणि पूर्वी वापरली गेलेली खारट रेती या तिघांनी मिळून जेवढं काँक्रीट खाल्लंय, तेवढं बाकी कुठल्याही कारणाने खाल्लेलं नाही. १९७० च्या सुमाराला बांधलेला मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला, त्यामागेही प्रीस्ट्रेसिंगच्या, म्हणजे काँक्रीट दाबून धरण्यासाठी ताणून बसवलेल्या, तारांचा गंज होता. त्यामुळे कुणी थेट "आतून फुगतंय" असं निदान घेऊन आलं, तर मी आधी हातोडी मागतो.

गंजाची भेग सळीच्या रेषेने धावते. खांबाच्या कोपऱ्याला समांतर, स्लॅबच्या तळाशी सळीच्या अंतराने. तपकिरी डाग असतो, नसला तर लवकरच येतो. हातोडीने ठोकलं की पोकळ, बद्द आवाज येतो आणि कव्हरचा, म्हणजे सळीवरच्या काँक्रीटच्या थराचा, पापुद्रा निघतो. आतून फुगणाऱ्या काँक्रीटची भेग सळीला विचारत नाही. कमी सळी असलेल्या ठोकळ्यावर ती आटलेल्या तळ्याच्या चिखलासारखी चहूबाजूंनी तडकते. खांबात किंवा रेल्वेच्या स्लीपरमध्ये सळ्या एकाच दिशेने असतात, तिथे त्या दिशेचं फुगणं सळ्या दाबून धरतात आणि भेगा लांबीने जातात. इथेच लोक फसतात, कारण लांबीची भेग म्हणजे गंज असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. शंका असेल तर भेगेवर एका ठिकाणी सळीपर्यंत फोडून बघा. सळी निळसर-करडी, स्वच्छ निघाली आणि भेग तरीही दोन मिलिमीटर असली, तर गंज आरोपी नाही.

बाकीची दोन कारणं वेळेवरून कटतात. ओतल्यावर काही तासांत वरच्या पृष्ठभागावर आलेल्या भेगा वाऱ्याने आणि उन्हाने पाणी ओढल्याच्या असतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत आरपार गेलेली भेग बहुधा आतलं गरम आणि बाहेरचं थंड या ताणाची असते. दोन्ही एकदा येतात आणि थांबतात. दर पावसाळ्यात वाढणारी भेग या दोघांपैकी नव्हे.

आत नेमकं काय होतं

सिमेंट दळताना त्यात जिप्सम घालतात, नाहीतर ते घमेल्यातच घट्ट होईल. या जिप्सममधला सल्फेट, सिमेंटमधलं अॅल्युमिनेट आणि पाणी मिळून पहिल्या काही तासांत सुयांसारखे स्फटिक तयार होतात. त्यांना एट्रिंगाइट म्हणतात. त्याच्या एका रेणूत पाण्याचे ३२ रेणू बांधलेले असतात, म्हणून ते जागा पुष्कळ खातं. ताज्या काँक्रीटमध्ये हे झालं तर बिघडत नाही. माल अजून मऊ असतो, सामावून घेतो.

आतलं तापमान साधारण ७० अंशांच्या वर गेलं की हे एट्रिंगाइट टिकत नाही, किंवा मुळात धरतच नाही. सुटलेला सल्फेट सिमेंटच्या जेलमध्ये (सिमेंट आणि पाण्यापासून होणाऱ्या, काँक्रीट बांधून ठेवणाऱ्या पदार्थात) अडकून बसतो. ठोकळा थंड होतो, साचा निघतो, ताकद भरते, बिल पास होतं. मग महिने-वर्षं ओल मिळत राहिली की तो सल्फेट हळूहळू जेलमधून सुटतो आणि अतिसूक्ष्म छिद्रांत पुन्हा एट्रिंगाइट बनायला लागतं. आता काँक्रीट दगड झालेलं असतं, त्याला सामावून घेता येत नाही. सिमेंटची पेस्ट सगळीकडून फुगते, खडी मात्र आहे तेवढीच राहते, त्यामुळे प्रत्येक खड्याभोवती बारीक फट सुटते. मोठ्या खड्याभोवती जास्त रुंद, लहान खड्याभोवती कमी. पुढे या फटींतही पांढऱ्या सुया भरतात.

या प्रकाराला उशिराचं एट्रिंगाइट म्हणतात. १९८० च्या दशकात जर्मनी आणि फिनलंडमध्ये वाफेवर पक्के केलेले रेल्वेचे स्लीपर असे फुटायला लागले तेव्हा त्याकडे नीट लक्ष गेलं. नंतर अमेरिकेत टेक्सासमध्ये पुलाचे बॉक्स बीम (पोकळ पेटीसारख्या तुळया) बसवण्याआधीच, यार्डात रचलेले असतानाच तडकले. प्रयोगशाळेतल्या नमुन्यांत ही फुगवण एक टक्क्याच्याही वर गेलेली आहे. एक टक्का म्हणजे मीटरला दहा मिलिमीटर. काँक्रीट ताणात याच्या शंभराव्या हिश्शालाच फाटतं.

तीन गोष्टी एकत्र लागतात: एकदा मिळालेली ७० अंशांवरची उष्णता, तसं वागणारं सिमेंट, आणि नंतरची सततची ओल. यातली एक जरी नसली तरी फुगणं नाही. पुढची सगळी तपासणी आणि सगळी दुरुस्ती एवढ्यावरच उभी आहे.

मे महिन्याच्या उन्हाने हे होतं का?

हा प्रश्न हटकून येतो, आणि उत्तर बहुतेक वेळा नाही असंच आहे. गोव्यात मे महिन्यात पारा ३३-३४ च्या आसपास असतो, घाम काढतो पण सत्तरचा विषय नाही. पाच इंची स्लॅब कितीही उन्हात ओतली तरी तिच्या दोन्ही बाजू उघड्या असतात, उष्णता निघून जाते. घराच्या स्लॅबवर जाळं दिसलं की उशिराचं एट्रिंगाइट शोधत बसू नका. पाणी वेळेवर मारलं गेलं का ते विचारा.

उन्हाचा वाटा वेगळ्या मार्गाने येतो. उन्हात तापलेली खडी आणि टाकीतलं गरम पाणी घेऊन केलेला माल साच्यात पडतानाच ३२-३४ अंशांचा असतो. सिमेंटची स्वतःची उष्णता त्याच्यावर चढते. जाड ठोकळ्यात ती बाहेर पडायला वाट नसते. तोंडी हिशेब असा: मीटरभर किंवा जास्त जाडीच्या कामात, घनमीटरमागे दर १०० किलो ओपीसीला (साध्या पोर्टलंड सिमेंटला) गाभ्यात सुमारे १२ अंश वाढ धरायची. ४२० किलो ओपीसी म्हणजे ५० अंश. साच्यात पडताना ३२, म्हणजे गाभा ८२ वर. आता त्याच ४२० किलोत १४० किलो फ्लाय अॅश (कोळशाच्या वीजकेंद्रातली बारीक राख) घ्या. फ्लाय अॅशची उष्णता निम्मी धरली, तर वाढ ४२ वर येते, गाभा ७४. रात्री ओतलं, खडी सावलीत ठेवून पाणी शिंपडलं, मिक्सरच्या पाण्यात बर्फ घातला आणि माल २७ अंशांवर साच्यात आणला, की ६९. हा अंदाज आहे, कागदावरचा. पण ८२ आणि ६९ यांच्यात दहा वर्षांनंतरचा फरक आहे.

म्हणजे संशयाच्या जागा ठरलेल्या आहेत. पाइल कॅप (जमिनीत उतरवलेल्या पाइलांच्या डोक्यावरचा ठोकळा), जाड राफ्ट (इमारतीखालची पायाची सलग स्लॅब), जड मशीनचं फाउंडेशन, पुलाच्या खांबावरचा ठोकळा. आणि दुसरीकडे, जाडी कितीही कमी असली तरी, वाफेवर पक्का केलेला कुठलाही प्रीकास्ट माल.

यार्डाचं रजिस्टर मागा

प्रीकास्ट मालाच्या तक्रारीत मी भेगांपेक्षा बॅचच्या तारखांकडे आधी बघतो. शंभर खांबांतले वीस-पंचवीसच तडकले असतील तर ते कोणत्या दिवसांचे, वाफेच्या चेंबरमध्ये कुठे ठेवलेले, हे कळलं की अर्धं निदान झालं. पावसाळ्यात यार्डात माल लवकर सुटत नाही, साचे अडकून पडतात, म्हणून वाफ वाढवली जाते. दुसऱ्या दिवशी साचा मोकळा हवा असतो. त्यासाठी ५३ ग्रेडचं ओपीसी, तेही भरपूर. वाफेच्या पाइपाजवळच्या रांगा सगळ्यात जास्त भाजतात.

"आमचा चेंबर ६० वरच असतो" हे उत्तर मिळेल. ते खरंही असेल. पण तो काटा चेंबरमधल्या हवेचा असतो. काँक्रीट त्या हवेत बसून स्वतःची उष्णता वेगळी तयार करत असतं, आणि ती हवेच्या आकड्यावर चढते. थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, तार काँक्रीटच्या गाभ्यात नसेल तर ६० चा आकडा आपल्या उपयोगाचा नाही.

आणखी एक तुलना फुकटात होते. त्याच बॅचचा एखादा खांब शेडखाली कोरडा पडलेला असतो. तो शोधा. कोरड्यातला शाबूत आणि पावसातला तडकलेला निघाला, तर ओलीचा हात सिद्ध झाला. शेतातल्या कुंपणात हे आणखी स्पष्ट दिसतं. खांबाच्या डोक्यावर, जिथे पाणी साठतं, तिथे जाळं दाट असतं. जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात पुन्हा दाट. मधला भाग, जो वाऱ्याने सुकतो, त्यात एखादीच रेघ. नैऋत्येच्या अंगाला, जिथून पावसाचा मारा येतो, जास्त.

खडीचा रोग की उष्णतेचा?

आतून फुगण्याचं दुसरं कारण अल्कली-सिलिका अभिक्रिया. काही जातींच्या खडीतलं सिलिका सिमेंटच्या अल्कलीशी मिळून जेल बनवतं आणि ते जेल पाणी पिऊन फुगतं. बाहेरून जाळं अगदी तसंच दिसतं. काणकोणच्या बाजूला ग्रॅनाइट आहे. ग्रॅनाइट आणि नाइस जातीच्या दगडात ताणलेलं क्वार्ट्झ असेल तर खडी सावकाश प्रतिक्रिया देऊ शकते, म्हणून हे नुसत्या अंदाजाने फेटाळता येत नाही.

जागेवर करण्यासारखं थोडंच आहे. भेगेच्या कडा सतत ओलसर, काळपट दिसत असतील आणि चिकट किंवा काचेसारखा वाळलेला स्राव असेल, तर खडीकडे संशय जास्त. पांढरा थर मात्र पुरावा नव्हे. पाऊस काँक्रीटमधला चुना धुऊन बाहेर आणतो, तो पांढराच असतो, आणि त्यावर पातळ अॅसिडचा थेंब टाकला की फसफसतो. फसफसलं म्हणून जेल नाहीच असंही म्हणू नका, जुनं जेल हवेत राहून तसंच वागायला लागतं.

पक्कं उत्तर कोअर, म्हणजे काँक्रीटमधून यंत्राने कापलेला गोल नमुना, काढल्याशिवाय मिळत नाही. दोन कोअर घ्या, एक तडकलेल्या ओल्या भागातून, एक शाबूत कोरड्या भागातून. काढल्याबरोबर प्लास्टिकमध्ये गुंडाळा. काम द्याल त्या प्रयोगशाळेला आधीच विचारा की पेट्रोग्राफी (सूक्ष्मदर्शकाखाली काँक्रीट आणि खडीची तपासणी) आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप होईल का. नुसती दाबाची ताकद काढून देणारी प्रयोगशाळा इथे कामाची नाही. दाबाची ताकद या रोगात उशिरा पडते. लवचिकतेचा गुणांक (काँक्रीटच्या ताठपणाचं माप) आणि ताणाची ताकद आधी कोसळते, म्हणून तो गुणांक मोजून घ्या. मायक्रोस्कोपखाली खडी शाबूत, तिच्याभोवती एकसारखी फट आणि फटीत सुया, असं दिसलं तर उष्णता. खडीच फुटलेली, तिच्या पोटातून जेलने भरलेली भेग बाहेर येतेय, तर खडी. दोन्ही एकत्र सापडणं अजिबात दुर्मिळ नाही, एक रोग दुसऱ्याला वाट करून देतो. आणि सावधगिरीचा शब्द: जुन्या ओल्या काँक्रीटच्या पोकळ्यांत थोडंफार एट्रिंगाइट कुठेही मिळतं. सुया दिसल्या एवढ्यावर "उशिराचं एट्रिंगाइट" असा रिपोर्ट कुणी लिहून दिला तर खड्याभोवतीच्या फटींचे फोटो मागा.

अल्ट्रासॉनिक चाचणी (काँक्रीटमधून ध्वनिलहरी किती वेगाने जातात ते मोजणं) स्वस्त आहे आणि तुलनेला चांगली आहे. फक्त ओल्या काँक्रीटमध्ये लहरी जास्त वेगाने जातात, म्हणून चांगला आणि वाईट नमुना सारख्याच ओलीचा असू द्या. जुलैतलं आणि एप्रिलमधलं माप शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका.

फुगणं चालू आहे की थांबलं?

दुरुस्तीचा निर्णय या एका प्रश्नावर आहे. त्यासाठी महागडं काही नको. पृष्ठभागावर अर्ध्या मीटरचा चौकोन ऑइलपेंटने आखा. चौकोनाच्या बाजू आणि दोन्ही कर्ण यांच्यावर जिथे जिथे भेग आडवी येते, तिथली रुंदी क्रॅक कार्डने (वेगवेगळ्या जाडीच्या रेघा छापलेल्या कार्डाने) मोजून बेरीज करा. मृगाच्या आधी एकदा, चवथीनंतर एकदा, पुढच्या मेमध्ये पुन्हा. सकाळी एकाच वेळी मोजा, कारण ऊन-सावलीनेही काँक्रीट हलतं. वीस मीटर भिंत दहा अंश तापली तर दोन मिलिमीटर लांबते. बेरीज पावसाळ्यात वाढून उन्हाळ्यात परत येत नसेल, तर फुगणं चालू आहे.

प्रयोगशाळेत हेच कोअर पाण्यात ठेवून तपासतात. अल्कली-सिलिकासाठी नमुना ३८ अंशांवर ठेवायची रीत आहे, उशिराच्या एट्रिंगाइटसाठी साध्या खोलीच्या तापमानाच्या पाण्यात. चाचणी सांगताना हे स्पष्ट सांगा. महिने लागतात, तेवढा वेळ द्यायची तयारी ठेवा.

दुरुस्ती: काय करायचं, काय नाही

चालू असलेलं फुगणं थांबवणारं औषध बाजारात नाही. विकणारे भेटतील. हातात फक्त पाणी तोडणं आहे.

एपॉक्सी इंजेक्शन हा नेहमीचा सल्ला, आणि या रोगात तो पैसे वाया घालवणारा. भेग चिकटते, फुगणं चालूच असतं, ते शेजारून फाडतं. मेस्त्रीच्या माथी खापर फुटतं. सिमेंटचा गिलावाही तसाच. भेगा मोठ्या असतील आणि पाणी आत जात असेल तर ताण खाणारा मऊ सीलंट भरा, तोही पाण्याची वाट बंद केल्यावर.

आधी वरचं पाणी. खांबाच्या डोक्यावर उताराची टोपी, ठोकळ्यावर उतार, पन्हळीचं पाणी फाउंडेशनवर पडत असेल तर ते वळवणं. चतकोर पत्र्याचं छप्परही चालतं. मग खालचं पाणी: ठोकळ्याभोवती माती आणि चिऱ्याचा चुरा चिकटून बसलेला असेल तर तो काढून खडीचा निचरा करा. आपल्याकडच्या चिऱ्याच्या जमिनीत पावसाळाभर पाणी वाहतं, तिथे फक्त वरून रंग मारून भागत नाही.

शेवटी सायलेन. हे द्रव्य काँक्रीटमध्ये मुरतं, पाणी आत येऊ देत नाही पण आतली वाफ बाहेर जाऊ देतं. फेब्रुवारी ते मेमध्ये, काँक्रीट पुरतं सुकलेलं असताना मारायचं. ओल्या काँक्रीटवर ते मुरतच नाही. जाड, प्लास्टिकसारखा रंग मात्र सगळ्या बाजूंनी कधीच नको. आत अडकलेली ओल फुगवायला पुरते.

भार घेणारं काम असेल, प्रीस्ट्रेस असेल, किंवा भेगा तीन-चार मिलिमीटरच्या पुढे गेल्या असतील तर हा मजकूर बाजूला ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. कुंपणाचा खांब बदलणं दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतं, तिथे फार विचार नको.

पुढचं ओतकाम

काम देताना एकच ओळ करारात घाला: गाभ्याचं तापमान ६५ अंशांच्या वर जाणार नाही, आणि त्याची नोंद दिली जाईल. थर्मोकपलची तार सळईला बांधून मध्यावर ठेवायला फारसा खर्च येत नाही. पहिले तीन-चार दिवस दर काही तासांनी वाचन. वाफ देणाऱ्या यार्डाला विचारा की ओतल्यावर किती वेळाने वाफ सोडता. निदान तीन-चार तास थांबलं पाहिजे, आणि नंतर तासाला २० अंशांपेक्षा जास्त वेगाने चढवू नये.

सिमेंट पीपीसी (फ्लाय अॅश मिसळलेलं) किंवा स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं) घ्या. साचा एक दिवस उशिरा सुटेल, सुटू दे. गाभा चुकून ७० च्या थोडा वर गेला तरी पुरेशी फ्लाय अॅश किंवा स्लॅग असली तर धोका खूप कमी होतो. ८५ च्या वर मात्र त्यांचाही भरवसा नाही. आणि आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे फ्लाय अॅश सोडून सिमेंट घनमीटरला ४५० किलोच्या वर नेऊ नये. "जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबूत" असं समजून आणखी दोन पोती टाकायला लावणारे मालक या रोगाचे सगळ्यात मोठे आश्रयदाते आहेत.

एक जागा अजून राहिली, जी कुणी तपासत नाही. काजूच्या कारखान्यातल्या बॉयलरचा बेड, बेकरीच्या भट्टीखालचं काँक्रीट, फेणीच्या भट्टीची बैठक. ही ओतताना गरम झालेली नसतात, पण नंतर रोज तापतात. पक्क्या झालेल्या काँक्रीटमधलं एट्रिंगाइटही ७० च्या वर गेलं की मोडतं. हंगाम संपला, भट्टी थंड झाली आणि गळक्या छपरातून पाऊस आला, की तोच खेळ सुरू. अशा ठिकाणी भट्टी आणि काँक्रीट यांच्यात उष्णतारोधक विटांचा थर आणि हवेची फट ठेवा, आणि हंगामाबाहेर छप्पर आधी दुरुस्त करा, काँक्रीट नंतर.